बिनफोडनीचं घर

आचल सातव्या महिन्यात माहेरी आली, त्या दिवशी सूर्यभाननं सकाळपासून कोनाले चुलीजवळ येऊ देलं नाई. बायकोलेही नाई. बाळापूरच्या अलीकडं मन नदीच्या काठानं त्याचा वांग्याचा मळा. तेथले ताजे तोडलेले, काटेरी देठाचे वांगे त्यानं स्वतः निवडले, खोबरं भाजलं, शेंगदाने कुटले, तिखट हात सैल सोडून टाकलं. गावात भंडारा असो का रोडग्याचं जेवन, भाजीच्या गंजात सराटा सूर्यभानचाच फिरते, हे साऱ्याइले माहीत. त्यात आज एकुलती एक पोरगी पहिल्या बाळंतपनाले घरी येऊन राहिली. गाडी दाराशी आली तई भाजीवर लाल तर्री बोटभर तरंगून राहिली होती. त्यानं झाकन मुद्दाम उघडं ठेवलं, पोरीले वास यावा म्हनून.

वास आला. पार्वताबाई भाकरतुकडा ओवाळाले समोर झाली, आचलनं उंबऱ्यात एक पाय ठेवला, आन तोंडावर ओढनी दाबून ते तशीच न्हानीकडं पळाली. ओवाळनं राहून गेलं. आतून ओकाऱ्याचा आवाज येत राहिला आन ओसरीतले सारे जन भिंतीकडं पाहत बसले.

प्रवासानं झालं असन, असं सूर्यभान म्हनला. दुसऱ्या दिवशी कढी-गोळे केले, तेव्हाही तेच झालं. मंग पातोडीचा रस्सा, मंग मेथीची भाजी. फोडनीत लसून पडला का इकडं आचल खाटेवरून उठून बसे. लहानपनी याच पोरीनं पंगतीत बसून तर्रीचं वाढप दोनदा मागतलं होतं. आता तिले साधा भात आन वरचं वरन तेवढं चाले, थेही चार घास. तोंड सुकून गेलं, डोळे आत गेले, पोट तेवढं समोर.

अकोल्याच्या डॉक्टरीनबाईनं वजनकाट्यावर उभं केलं आन कपाळाले आठ्या घातल्या. म्हने, या महिन्यात वजन चढाले पायजे, हिचं उतरून राहिलं. खाल्लेलं पोटात टिकत नसन तर भरती करू, पन त्यापेक्षा जे टिकते ते खाऊ घाला. आठ दिवसानं परत आना.

हे सारं आचलनं फोनवर नवऱ्याले सांगतलं. नवरा म्हंजे गिरीश किणी, कोचीचा. पुन्यात एका कंपनीत दोघं सोबत होते, तेथं जमलं, लग्न झालं, मंग तो आपल्या गावी बदली घेऊन गेला आन आचल त्याच्यामागं. पोरगा शांत. फोन सूर्यभानजवळ द्याले लावला आन आवाज न चढवता म्हनला का, बाबा, कोचीले ती जेवत होती, आईच्या हातचं तिले पचत होतं. पुढच्या खेपेले वजन वाढलं नाई तर मी आन आई येतो, तिले घेऊन जातो. बाळंतपन इकडंच करू.

सूर्यभाननं "बरं" म्हनलं आन फोन ठेवला. पन बरं वाटलं नाई. पहिलं बाळंतपन माहेरी, ही रीत त्याच्या मायची, बहिनीची, बायकोची. सासरी झालं म्हंजे पोरीले माहेर उरलं नाई असं गाव धरते. पार्वताबाईनं डिंक-खारका आनून ठेवल्या होत्या, बाजेच्या दोऱ्या ताननं झालं होतं. आन आता पोरगी वापस जाईन, काहून, तर बापाच्या घरचं जेवन तिले सोसत नाई. हे गावात कोन्या तोंडानं सांगाचं?

सांजी तो खाटेजवळ पालथ्या घमेल्यावर बसला. पोरीले विचारलं का, बाई, तुले काय खावसं वाटते थे सांग. वाट्टेल थे सांग, आननारा मी आहो.

आचल उशीले टेकून बसली. मंग म्हनली, "इश्टू."

"हे काय असते?"

मंग तिनं सांगतलं. आलू, गाजर, कांदा, अद्रक, हिरवी मिरची उभी चिरलेली, दालचिनीचा तुकडा, काळे मिरे, आन नारळाचं दूध. पांढरं सायीसारखं होते. त्याच्यात मांस घालनारे मांस घालतात, तिची सासू आलू घालते. सासू हे तिच्या शेजारच्या क्रिस्ती बाईजवळून शिकली. नाव इंग्रजाचं, मिरे तेथलेच, आन पदार्थ कोनाचा म्हनाल तर आता सगळ्याचाच.

बोलता बोलता तिचा आवाज जरा उजळला. तिच्या सासरच्या गल्लीत काय काय भेटते, त्याचा हिशोब नाई. बंदर आहे. जहाजानं जो आला त्यानं आपली चूल सोबत आनली. एका कोपऱ्यावर गुजरात्याचं फरसान, त्याच्यासमोर बिर्यानीचं दुकान, त्या दुकानवाल्याचे वाडवडील अरबस्तानाशी व्यापार करनारे. नाताळात डच लोकाइचा म्हनून एक गोड पाव बनते, डच जाऊन किती पिढ्या झाल्या पन पाव राहिला. सासरचे लोक मूळचे गोव्याकडचे, पोर्तुगीजाच्या धाकानं शेकडो वर्षाआधी तेथं गेले, त्यायची डाळ येगळीच, त्यात हिंगाचं पानी घालतात. एकाच घरात सकाळी एका देशाचं आन सांजी दुसऱ्याच देशाचं.

सूर्यभान ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं का, या साऱ्यात तुमच्या घरचं म्हनाव असं काय आहे? आचल म्हनली, सगळंच. त्याले हे पटलं नाई. त्याच्या हिशोबानं घरचं थे घरचं आन बाहेरचं थे बाहेरचं. पन पोरीनं खाव म्हनून त्यानं मान हालवली.

सकाळी ईहीनबाईले व्हिडिओ फोन लावला. गिरीशची माय, सुमतीबाई किणी. तिले मराठी कळे पन बोलता येत नव्हतं, ते कोकनीत बोले, आचल खाटेवरून समजावून सांगे. फोन सूर्यभाननं डब्याले टेकवून ठेवला होता आन हात बांधून समोर उभा राहिला होता, वाढपाच्या येळी उभा राहते तसाच.

पहिले नारळ. खोव, वाट, पिळ. पहिलं दाट दूध बाजूले, दुसरं पातळ दूध भाजी शिजवाले. इथलोक ठीक होतं. मंग ईहीनबाई म्हनली का, दाट दूध शेवटी टाकाचं, आन टाकल्यावर, भाऊ, उकळी नाका, म्हंजे उकळू द्याचं नाई. लगेच उतरवाचं.

सूर्यभान म्हनला, "उकळलं नाई तर तेल कसं सुटन?"

तेल सुटूच द्याचं नाई, असं तिकडून उत्तर आलं.

"आन फोडनी कई?"

"फोडणी नाका."

"अजिबात?"

शेवटी एक चमचा खोबऱ्याचं तेल कच्चं टाका आन वरून गोडलिंबाचे पानं, असं ते म्हनली. सूर्यभाननं पोरीकडं पाह्यलं. खोबऱ्याचं तेल या घरात डोक्याले लावतात. त्याची बाटली न्हानीत कंगव्याजवळ उभी होती. ईहीनबाईले हे आचलनं सांगतलं तर ते तिकडं एवढी हासली का फोनमधलं चित्र हाललं, आन म्हनली का मंग राहू द्या, त्याच्याबिना चालन. तिखट टाकू का, असंही त्यानं विचारून पाह्यलं. मिरची तर आपली आहे. ईहीनबाई म्हनली का मिरचीही पोर्तुगीजानंच जहाजातून आनली, आलूही बाहेरूनच आला. सूर्यभाननं हो-हो म्हनलं. पन फोन ठेवल्यावर पार्वताबाईले म्हनला का, बाईले कोनी तरी फसवलं, मिरची आपल्या वावरात होते, तेथं जहाज कुठून येईन?

बाळापूरहून दोन नारळ आनले. आचल नारळ फोडाच्या येळी आतल्या खोलीत गेली, कारन पोटुशी बाईनं नारळ फुटताना समोर राहू नये असं गोदाबाईनं बजावलं होतं. गोदाबाई म्हंजे सूर्यभानची मोठी बहीन. नवरा गेल्यापासून भावाजवळच राहे, आन घरातल्या शुभ-अशुभाचा सारा कारभार तिच्याकडं. सूर्यभान गावात कोनाचं ऐकत नसे, हिचं ऐके.

नारळ वाटला, फडक्यात पिळला, भाजी पातळ दुधात शिजाले ठेवली. गोदाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. गंजात पाह्यलं. हळद नाई. तिखट नाई. फोडनी नाई. पांढरं पांढरं काही तरी रटरटून राहिलं.

"सूर्यभान," ते म्हनली, "आपल्या घरी बिनफोडनीचं कालवन कई होते?"

त्याले माहीत होतं. सुतकात होते. मानूस गेला का तेराव्यापर्यंत त्या घरात तडका देत नाईत, तेल कडकडत नाई, गल्लीत फोडनीचा वास येत नाई. त्या वासावरूनच गावाले कळते का घरात आता सारं सुरळीत झालं.

गोदाबाई पुढं बोलली, "बाई दिवसाची आहे. तिच्या पोटात जीव आहे. आन तू चुलीवर सुतकाचं रांधून राहिला." एवढं म्हनून ते देवघरात जाऊन बसली. पार्वताबाईच्या हातातलं काम थांबलं.

दाट दूध टाकलं. आता उतरवाचं होतं. सूर्यभाननं सांडशी हाती घेतली आन तसाच उभा राहिला. गंज फिका दिसे. आजारी दिसे. आजपर्यंत त्याच्या हातून जे जे उतरलं त्याच्यावर रंग होता, तेल होतं, आन हे पाहून त्याले असं वाटलं का अर्धवट टाकून चाललो आपन. वरून बहिनीचे शब्द कानात. त्यानं आच तशीच ठेवली. दूध उकळलं, फाटलं, कडंनं पानी सुटलं. तेव्हा तर त्याले अजूनच वाटलं का आता काही तरी केलंच पायजे. पळीत तेल तापवलं, मोहरी टाकली, लसून टाकला, नखभर तिखट टाकलं. चर्र करून फोडनी गंजात ओतली. देवघरातून गोदाबाईचा जपाचा आवाज मोठा झाला. तिले बरं वाटलं. सूर्यभानलेही बरं वाटलं.

आतून आचल भिंतीले धरून बाहेर आली. गंजात पाह्यलं. तिले ओकारी आली पन पोटात काही नव्हतंच, नुसतेच कोरडे उमासे. मंग ते चुलीसमोरच खाली बसली आन तिथंच आडवी झाली.

अकोल्याच्या दवाखान्यात सलाईन लागली. बाळाचे ठोके ठीक होते. डॉक्टरीनबाईनं काय खाऊ घातलं म्हनून विचारलं तई पार्वताबाईनं खाली पाह्यलं आन सूर्यभाननं खिडकीतून. गिरीशचा फोन आला. या खेपेले तो शांत नव्हता, पन वाकडंही बोलला नाई. म्हनला, गाडीचे तिकिटं पुढच्या हप्त्याचे भेटले, आई आन मी येतो. वापसीचे तिघाचे काढले.

सांजच्या आधी पार्वताबाई टपरीवरचा चहा आनाले खाली गेली. खोलीत बाप-लेक दोघंच. सूर्यभाननं स्टूल जवळ ओढला. म्हनला का, थोडीशीच होती. नावाले. तुया आत्याच्या जिवाले लागलं होतं आन मलेही पाहावलं नाई.

आचलनं डोळे उघडले. "बाबा, माई सासू मले विचारून करते. मी खाल्लं का पाहते, नाई खाल्लं तर दुसरं करते. तुमी गंजाकडं पाहता. तुमाले मी खाल्लेलं पायजे का तुमची भाजी चांगली झालेली पायजे?"

 सूर्यभान सलाईनचे थेंब मोजत होता. दोनही, असं त्याच्या मनात आलं. पोरीनं पुन्हा डोळे मिटले. मंग तोच म्हनला, "तिकडं जाशीन का तू?"

"इथं खाले भेटलं तर काहून जाईन?" ते डोळे न उघडताच म्हनली.

दुसऱ्या दिवशी घरी आनलं. सूर्यभाननं घरात पाय ठेवल्याबरोबर फोडनीचा डबा, लसनाची माळ, तिखटाचा डबा, तेलाची कॅन, सारं एका पोत्यात भरलं. पार्वताबाईले सांगतलं का आजपासून पोरगी बाळंत होईलोक या घरात तडका बसन नाई. आपला स्वयंपाक मळ्यातल्या खोपडीत. तिथंच कराचं, तिथंच खाचं, नाई तर झाकून आनाचं. घरातल्या चुलीवर फक्त पोरीचं शिजन, आन थे मी शिजवीन.

गोदाबाईनं डोक्याले हात लावला. हे तर धडधडीत सुतक झालं, असं ते म्हनली. घरात चूल थंडी, जेवन बाहेरून झाकून येते, याले अजून दुसरं काय म्हनतात? सूर्यभान म्हनला का तुले जे म्हनाचं थे म्हन, पन मळ्यात चल, इथं नाई. बहिनीचं न ऐकल्याची हे त्याची पहिली येळ. ते दोन दिवस त्याच्याशी बोलली नाई. पन मळ्यात जाऊन पार्वताबाईसंगं भाकरी थापू लागली.

त्यानं इश्टू पुन्हा केलं. दूध टाकल्याबरोबर उतरवलं. उतरवताना तोंड दुसरीकडं केलं, कारन पाह्यलं का हात थांबते हे त्याले कळलं होतं. आचलनं वाटी हातात घेतली. वास घेतला. एक घास खाल्ला, मंग थांबली. सारे जन आपापल्या कामाले लागल्यासारखे दाखवून राहिले होते आन कान साऱ्याइचे तिकडं. तिनं दुसरा घास घेतला. वाटी संपली तई म्हनली, "आलू कच्चे आहेत." ओकारी आली नाई.

मंग रोजच सुरू झालं. कई आलू जास्त शिजे, कई दूध पातळ होये, एकदा तर त्यानं सवयीनं गूळ टाकला, तेही तिनं खाल्लं. एक दिवस तिनं म्हनलं का आज नको, आज ताक-भात द्या. गंज शिजून तयार होता. सूर्यभाननं थो तसाच झाकून ठेवला आन ताक घुसळाले बसला. पार्वताबाईनं हे पाह्यलं आन ताकाचं मडकं त्याच्याजवळ सरकवलं.

इकडं गावात काय झालं थे या घराले माहीत नव्हतं. गावाचं असं का, दवाखान्याच्या गाडीनं सूर्यभानच्या दारातून पोरीले आडवं घालून नेलं थे साऱ्यानं पाह्यलं. वापस कई आली थे कोनी पाह्यलं नाई. त्यानंतर पोरगी अंगनात दिसली नाई. घरातून फोडनीचा वास नाई. पार्वताबाई मळ्यातून डबा पदराखाली झाकून आनते. गोदाबाईचं तोंड उतरलेलं. सूर्यभान तर चौकात बसेच ना. लोकाइनं जोडलं आन जे जुळलं थे वाईटच जुळलं. कोनी म्हने बाळ गेलं, कोनी म्हने जवायाच्या घरी कोनी तरी गेलं. आता अशा येळी कोन गेलं म्हनून विचाराची रीत नाई. गप जाऊन बसाचं, जरा येळानं उठाचं, हेच बरं असते.

मंदिराच्या भंडाऱ्याचं पाहनारा भगवंत पहिले आला. खांद्यावर उपरनं, पायातल्या चपला दाराबाहेर. त्याच्यामागं अजून दहा-बारा जन. ओसरीत सतरंजी नव्हतीच, तर ते भुईवरच बसले. सूर्यभान आत नारळ पिळून राहिला होता. त्यानं डोकावून पाह्यलं, त्याले वाटलं का भंडाऱ्याची तारीख ठरवाले आले. म्हनला, बसा, आलोच. थो पुन्हा आत गेला. ओसरीतल्या लोकाइनं एकमेकाकडं पाह्यलं. मानूस खचला का असाच होते, हाताले काम लावून घेते. मागून बाया आल्या, त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या. कोनी कोनाशी बोलत नव्हतं.

आन तेवढ्यात अकोल्याच्या टेसनावरून केलेली भाड्याची गाडी दारासमोर उभी राहिली. गिरीश उतरला, मागून सुमतीबाई उतरली, हातात फडक्यात बांधलेला मोठा डबा. दोघाइनं ओसरीकडं पाह्यलं. पांढऱ्या टोप्या, खाली घातलेल्या माना, भिंतीकडं तोंड केलेल्या बाया. भगवंत उठला. त्यानं जवायाच्या खांद्यावर हात ठेवला आन अगदी हळू आवाजात म्हनला, "धीर धरा पाव्हने. जे झालं थे देवाच्या मनात होतं."

गिरीशले मराठी येत होतं. त्याच्या तोंडचा रंगच गेला. सुमतीबाईच्या हातून डबा सुटला, झाकन घरंगळत नालीपर्यंत गेलं, आन ते तिथंच गाडीच्या दाराले धरून खाली बसली. गिरीश लोकाइच्या अंगावरून उड्या टाकत आत धावला.

आत आचल भिंतीले टेकून पाय लांब करून बसली होती. मांडीवर वाटी. तोंडात घास. नवऱ्याले पाहून तिनं घास गिळला आन म्हनली, "तुमी आज येनार होते का?"

सूर्यभान हातातलं ओलं फडकं घेऊन तसाच बाहेर आला. दारात ईहीनबाई बसून रडून राहिली, लोकं उभे, बायाइनंही आता रीतसर सूर धरला. त्यानं विचारलं, "काय झालं?"

"तेच तर आमाले विचाराचं आहे," भगवंत म्हनला. "तुमच्या घरी कोन गेलं?"

"कोनीच नाई गेलं."

"मंग फोडनी काहून बंद आहे?"

 सूर्यभाननं एकडाव बहिनीकडं पाह्यलं, एकडाव आत. मंग म्हनला, "पोरीले सोसत नाई म्हनून बंद आहे. खाले पायजे तिले. म्हनून मी तिचं नारळाचं करतो. तुमाले काय वाटलं?"

 एक-दोघं टोपी काढून झटकत राहिले. बायाइनं पदर सरळ केले. गिरीश आतून आला, त्यानं मायले उठवलं, आत नेलं. सुमतीबाईनं सुनेच्या तोंडावरून, मंग पोटावरून हात फिरवला, बराच वेळ कोकनीत काही तरी बोलली. मंग नाक पुसून चुलीजवळ गेली. गंजाचं झाकन काढलं, वास घेतला, चमच्यानं थेंब तळहातावर घेऊन चाखला. सूर्यभान दाराशी उभा होता, हात बांधून.

ते काही तरी म्हनली. आचलनं सांगतलं, "म्हनते, अद्रक जास्त झालं."

"उद्या कमी घालीन," सूर्यभान म्हनला.

गिरीश अजून घाबरलेलाच होता. त्यानं आचलले म्हनलं का, तिकिटं आहेत, सामान बांध, इथं माया जिवाचं पानी झालं. साऱ्याइचं लक्ष तिकडं लागलं. पार्वताबाई मळ्यातून नुकतीच आली होती, डबा हातातच होता. सूर्यभाननं फडकं पिळलं, जे आधीच पिळून झालं होतं.

आचल म्हनली, "डॉक्टरीनबाईकडं काल पहाटे अंधारातच गेलो होतो. वजन चढलं. मी इथं जेवून राहिली, ओकत नाई. मंग जाऊ कशाले?" आन मंग सासूकडं पाहून, "आई, तुमी राहा आठ दिवस. बाबाले आलू शिजवाचं शिकवा, दरवेळी कच्चे राहतात."

सुमतीबाईनं पोराले मान हालवून सांगतलं का तिकीट रद्द कर.

हे झालं तरी ओसरीतले लोकं उठले नव्हते. उठाचं कसं हा प्रश्न होता. दुखवट्याले आलेला मानूस त्या घरचं पानी न पिता उठते, आन इथं तर दुखवटाच नव्हता. भगवंतनं चपलेकडं पाय सरकवला तशी गोदाबाई वाट अडवून उंबऱ्यात उभी राहिली.

"कोनी उठाचं नाई," ते म्हनली. "तुमी या घरात तोंडं पाडून बसले, बायाइनं सूर काढला. तसेच उठून गेले तर थे खरं होईन. जेवल्याबिना एकही जन जानार नाई. सूर्यभान, वाढ."

"बाई, हे पांढरं आहे," सूर्यभान म्हनला. "बिनफोडनीचं."

"जे आहे थे वाढ."

गंज तर आचलपुरता होता. सुमतीबाईनं साडीचा पदर खोचला आन नारळ मागतला. गोदाबाईले आता तेही पाहावेना, ईहीनीले पोरीच्या माहेरी कोनी चुलीशी बसवत नाई. पन ईहीनबाई बसली, आन सूर्यभाननं तिच्यासमोर खोवनी आनून ठेवली. नारळ आचल आत गेल्यावरच फोडले. दोघाइनं मिळून दूध काढलं. आलू शिजले का नाई थे तिनं पाह्यलं. उतरवाची येळ आली तई सूर्यभाननं सांडशी तिच्या हातात देली आन तोंड दाराकडं केलं.

मंग ओसरीत लोकं वाटी घेऊन बसले. बोट बुडवून वास घेऊन पाह्यला. एकानं वाटी हालवून पाह्यली, खाली काही लाल आहे का म्हनून. भगवंतनं हळूच विचारलं का, चिमूटभर तिखट भेटन का. भेटनार नाई, असं सूर्यभान म्हनला. मळ्यात आहे, घरात नाई. भगवंतनं खाल्लं. भाकरीसंगं खाल्लं, मंग भातासंगं खाल्लं. गोड लागते म्हनला, खीर नाई आन भाजीही नाई असं काही तरी. बाकीचेही खात राहिले. बायाइनं सुमतीबाईले विचारून घेतलं का तिच्याकडं हे लग्नात करतात का, आन तिनं हातानं सांगतलं का करतात, मोठ्या मोठ्या गंजात.

भगवंतची वाटी रिकामी झाली. तो उठून आत डोकावला, गंजाच्या बुडाशी वाटीभर उरलेलं त्यानं पाह्यलं आन वाटी पुढं केली.

सूर्यभाननं गंजावर झाकन ठेवलं. "थे आचलचं आहे," तो म्हनला.